दहावा रकाना

टेट्रिस म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचून पूर्ण भरलेल्या ओळी उडवायचा व्हिडिओ गेम. त्याचं मैदान 10 रकाने रुंद आणि 20 ओळी उंच. नवखा माणूस दहाही रकाने भरायला बघतो. मुरलेला नऊच भरतो. उजव्या कडेचा दहावा तो मुद्दाम मोकळा ठेवतो आणि उभ्या दांडीची, म्हणजे चार घरं एका रांगेत असलेल्या ठोकळ्याची, वाट बघत बसतो. निन्टेन्डोच्या नेस या गेमयंत्रावरच्या 1989 सालच्या आवृत्तीचा निम्मा जीव या रिकाम्या रकान्यात आहे.

कारण साध्या हिशेबाचं. एक ओळ उडवली तर 40 गुण, दोन 100, तीन 300, पण चारही एकदम उडवल्या तर 1200. आणि लेव्हलच्या आकड्यात एक मिळवून त्याने या सगळ्याला गुणायचं. अठराव्या लेव्हलला चार ओळी एकेक करून उडवल्या तर हाती 3,040 येतात. त्याच चार एका दांडीने उडवल्या तर 22,800.

मोकळा रकाना उजवीकडेच का? दांडी उभी केली की ती डावीकडून सहाव्या रकान्यात उभी राहते. उजव्या भिंतीला न्यायला चार वेळा सरकवायची, डाव्या भिंतीला पाच वेळा. एका दाबाचा फरक! हसू नका, तो पुढे नडतो.

राहिलेल्या नऊ रकान्यांचा माथा सपाट हवा, पण फरशीसारखा नव्हे. चौकोनाला शेजारचे दोन रकाने सारख्या उंचीचे लागतात, तर एस आणि झेड या अक्षरांसारख्या दिसणाऱ्या वाकड्या जोडगोळीला एका घराची पायरी लागते. पायरी नसली की खाली भोक राहिलंच. मग त्याच्यावर झाकण घालणाऱ्या ओळी उडेपर्यंत ते उघडत नाही. तीन घरं खोल खाच त्याहून लबाड: दिसते मोकळी, पण दांडीशिवाय नीट बुजत नाही. म्हणजे आधीच दुर्मीळ असलेल्या दांडीला दुसरा गिऱ्हाईक.

आणि दांडी खरंच दुर्मीळ होते. आजच्या टेट्रिसमध्ये सातही ठोकळे एका पिशवीतून काढल्यासारखे येतात, त्यामुळे दोन दांड्यांमध्ये फार तर 12 ठोकळे. नेसमध्ये अशी पिशवीच नाही. आधीचाच ठोकळा पुन्हा निघाला तर यंत्र फक्त एकदा फेरसोडत काढतं, बाकी सगळं नशिबावर. तीस ठोकळे कोरडे जाऊ शकतात. डावीकडच्या पट्टीवर प्रत्येक ठोकळा किती वेळा आला याचा आकडा दिसतो. दुष्काळात तिकडे बघू नये, पण नजर जातेच.

अशा वेळी हट्ट सोडावा. ढीग अर्ध्याच्या वर गेला की दहाव्या रकान्यात जे बसेल ते बसवून एक-दोन ओळी उडवाव्यात. गुण किरकोळ मिळतात, जागा मात्र मिळते. बहुतेक डाव दांडी न आल्याने नव्हे, तर ती आत्ता येईल या आशेवर आणखी दोन ठोकळे रचल्याने बुडतात.

वेगाचं गणित फ्रेमचं, म्हणजे पडद्यावर बदलणाऱ्या चित्रांचं, सेकंदाला सुमारे 60. अठराव्या लेव्हलला ठोकळा दर तीन फ्रेमला एक घर उतरतो, एकोणिसाव्याला दर दोन फ्रेमला, एकोणतिसाव्याला दर फ्रेमला. म्हणजे वरून तळापर्यंत सेकंदाचा तिसरा हिस्सा. बटण दाबून धरलं तर पहिल्या सरकण्यानंतर दुसरं 16 फ्रेमनी होतं आणि पुढची दर 6 फ्रेमनी. तेवढ्यात ठोकळा तळ गाठतो. म्हणून एकोणतिसावी लेव्हल कित्येक वर्षं खेळाचा शेवट मानली जायची. मग कुणी अंगठा थरथरवून बटण बडवू लागलं, तर कुणी अंगठा बटणावर नुसता ठेवून कंट्रोलरच्या पाठीवर तबल्यासारखी बोटं फिरवू लागलं. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका 13 वर्षांच्या मुलाने लेव्हल 157 ला खेळच गोठवला.

एकोणतिसाव्या लेव्हलच्या वेगाला ढीग दहा ओळींवर असेल तर ठोकळा दहा-बारा फ्रेममध्ये टेकतो. तेवढ्यात चार दाब बसवायचे की पाच, हे तिथे ठरतं.