सेना मेडलची शिफारस लिहिताना

पलटणीत एखाद्या तरुण अधिकाऱ्याची पदकासाठी शिफारस करायचं ठरलं, की खाली सही कमांडिंग ऑफिसरची असते, पण कागद उभा करण्याचं काम बहुतेक वेळा ॲडज्युटंटकडे, म्हणजे त्याचं कार्यालयीन काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे येतं. साक्षी नोंदवायच्या, नकाशा जोडायचा, मजकूर लिहायचा आणि वरून प्रश्न आले की उत्तरं द्यायची. इंजिनियर रेजिमेंटमध्ये ॲडज्युटंट असताना आमच्या एका लेफ्टनंटची अशी शिफारस मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताळली. पुढे या कामावर बसणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय.

काश्मीरच्या एका खोऱ्यात ढगफुटी झाली, नाल्यावरचा पूल वाहून गेला आणि पलीकडच्या गावांची वाट तुटली. या लेफ्टनंटच्या प्लाटूनने रातोरात तिथे बेली पूल, म्हणजे तयार लोखंडी पॅनलं जोडून उभा करायचा पूल टाकला. बेलीचं एक पॅनल १० फूट लांब आणि सुमारे २६० किलो वजनाचं असतं, सहा जवान मिळून ते उचलतात. त्यात वरच्या कड्यावरून सतत दगड सुटत होते. पहाटे पूल उभा होता आणि प्लाटून सगळी शाबूत होती. सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "सेना मेडलसाठी लिही."

सेना मेडल १७ जून १९६० रोजी सुरू झालं. सैन्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची कर्तव्यनिष्ठा किंवा धैर्य दाखवणाऱ्याला ते देतात. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र त्याच्या वरचे; कमेंडेशन कार्डं, म्हणजे वरिष्ठांच्या सहीची प्रशस्तिपत्रं, त्याच्या खालची. शिफारस ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशा पायऱ्या चढत दिल्लीला पोहोचते, आणि प्रत्येक पायरीवरचा अधिकारी आपला शेरा लिहितो. शिफारस एक पायरी खालच्या सन्मानावर आणण्याचाही त्याला अधिकार असतो.

चकमकीतली शिफारस लिहिणं त्या मानाने सोपं असतं. कोण कुठून पुढे गेला, काय केलं, हे घटनेतच दिसतं. नेतृत्वाचं तसं नाही. पूल बांधणं हे सॅपर्सचं, म्हणजे सैन्यातल्या इंजिनियर जवानांचं, रोजचंच काम. मग या पोराने वेगळं काय केलं? वरून हा प्रश्न येणार हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. ऑफिसातल्या जुन्या फायलींत 'अदम्य साहस' आणि 'अनुकरणीय नेतृत्व' भरपूर होतं, पण अशा ओळीत कुणाचंही नाव घातलं तरी ती खरी वाटते, म्हणून ती कुणाचीच नसते. माझ्यासमोर नमुना होता सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचा. कारवारकडचे, आमच्याच बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढायला सुरुवात करण्याच्या बेतात असताना मॉर्टरच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान गेले, पाच जखमी झाले, त्यांत ते स्वतः होते. तरी त्यांनी तुकडी पुन्हा लावली आणि रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांच्या परमवीर चक्राच्या नोंदीत हेच आहे, एकामागून एक केलेली कामं. विशेषणं काढून टाकली तरी त्या नोंदीचं काही बिघडत नाही.

लेफ्टनंटला विचारलं तर तो म्हणाला, "सर, पूल जवानांनी बांधला. नाईकचं नाव पाठवा." (नाईक हा जवानांमधला एक हुद्दा.) बस्स, पुढे काही बोलायला तयार नाही. मग मी जवानांना एकेकट्याला बोलावलं. एकत्र बसवलं की एकाचं ऐकून दुसरा तेच सांगतो, म्हणून वेगवेगळं, आणि आठवणी ताज्या असतानाच.

साताऱ्याकडचा तो नाईक आधी सावधान उभा राहूनच बोलत होता. बसवला, चहा दिला, तेव्हा मोकळा झाला. "साहेब, पॅनल हातात असलं की मान वर करता येत नाही. दगड येताना कळायचं कसं? तर लेफ्टनंट साहेब कड्याच्या अंगाला टॉर्च मारत उभे राहिले, तोंडात शिट्टी. शिट्टी वाजली की पॅनल खाली आणि आम्ही गाड्यांच्या आडोशाला. त्यांना कसला आडोसा? एक दगड खांद्यावर बसला त्यांच्या. पण शिट्टी थांबली नाही साहेब. टॉर्च तेवढी दुसऱ्या हातात गेली."

दुसऱ्या एका सॅपरने सांगितलं, की आदल्या रात्री गार्डवर कोण कोण होतं हे साहेबांना तोंडपाठ होतं. त्यांतल्या एकालाही त्यांनी पॅनलला लावलं नाही, पॅनलं जोडणाऱ्या पिना बसवण्याच्या कामाला लावलं. मला हे शिट्टीइतकंच मोठं वाटलं. अंधारात दमलेल्या माणसाचा हात सुटला तर बाकीच्या पाचांवर काय बेततं, हे सॅपरला सांगावं लागत नाही.

मी शिफारशीत हेच लिहिलं, साध्या वाक्यांत. खांद्याच्या मारासाठी डॉक्टरांच्या नोंदीची प्रत लावली आणि दगड कुठून सुटत होते, तो कुठे उभा होता, आडोसा किती लांब होता, हे दाखवणारं रेखाटन जोडलं. नाईकसाठी वेगळी शिफारस केली. ती पहिलीच्या पोटात घातली असती तर दोन्ही कच्च्या राहिल्या असत्या.

अपेक्षेप्रमाणे कागद परत आला: 'हे नेमून दिलेल्या कामापलीकडचं कसं?' सीओ साहेबांनी उत्तर मलाच लिहायला सांगितलं. मी लिहिलं, की पूल बांधणं नेमून दिलेलं होतं, दगडांच्या वाटेत उभं राहणं नव्हतं. टेहळणीला तो कुणाही जवानाला उभं करू शकला असता. सोबत रेखाटनावर त्याच्या जागेला लाल खूण केली. यानंतर प्रश्न आला नाही.

अनेक महिन्यांनी, २६ जानेवारीच्या यादीत त्याचं नाव आलं, पण सेना मेडलसाठी नव्हे, सेनाप्रमुखांच्या कमेंडेशन कार्डासाठी. वाटेत कुठेतरी शिफारस एक पायरी उतरली होती. मला वाईट वाटलं आणि आजही वाटतं. ते मेडल त्याने कमावलं होतं, असंच माझं मत आहे. नाईकला आर्मी कमांडरांचं कार्ड मिळालं. लेफ्टनंट यादी घेऊन ऑफिसात आला तेव्हा आधी नाईकचीच ओळ दाखवत होता.

माझी बदली झाली तेव्हा ती फाईल मी नव्या ॲडज्युटंटच्या हातात दिली. जवानांच्या जबान्या वर ठेवल्या, शिफारस त्यांच्या खाली, आणि पुढच्या वेळी याच क्रमाने काम कर असं त्याला सांगितलं.