पडद्याला लावलेल्या पिना

सांगली-मिरजेकडच्या हौशी नाट्यसंस्था, भजनी मंडळं, ढोलपथकं यांची कागदपत्रं मी बघते. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, वर्षाचं ऑडिट, कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. या सगळ्यासोबत मुलांच्या सुरक्षेच्या नियमांचं एक पानही प्रत्येक संस्थेला देते. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाला घरी सोडायचं नाही, मुलांशी वेगळं चॅटिंग नाही, रंगपटात मोबाईल नाही, असं सगळं त्यात आहे. त्यावर सही होते आणि ते पान फाईलला लागतं.

तर मे महिन्यात एका संस्थेत सेक्रेटरींची सही घ्यायला गेले होते. संस्थेचं नाव सांगणार नाही, मुलीची ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. मुलांच्या नाटकाची रंगीत तालीम होती. सही होईपर्यंत कपडेपटाच्या मावशींजवळ बसले तर त्या हळूच म्हणाल्या, "ताई, ही पोरगी तीन दिवस झालं पडद्याला पिना लावून मागती बघा. गेल्या वर्षी हिला कशाचं काही नव्हतं." रंगपट म्हणजे शाळेचा एक वर्ग, दोरीवर जुनी चादर टाकून मुलींसाठी आडोसा केलेला. जवळ जाऊन बघितलं तर चादरीच्या कडेला चार-चार बोटांवर सेफ्टी पिना, खालपर्यंत, शेवटची पार फरशीला टेकलेली. बोटभर फटसुद्धा नव्हती.

मुलगी तेरा वर्षांची. मी नुसतं विचारलं, पिना पुरल्या का गं? बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "काकू, कुणाला सांगणार नाही ना?" इथे चांगली चांगली माणसं चुकतात, नाही सांगणार म्हणून मोकळी होतात आणि तासाभरात तिचा विश्वास मोडतात. मी म्हणलं, सांगावं लागेल, पण कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन. मग तिने सांगितलं. संगीत बघणारा एक जुना सभासद, सगळ्यांचा काका, रीलसाठी म्हणून आत मोबाईल धरायचा आणि रात्री अकरानंतर तिला मेसेज करून कपडे बदलतानाचे फोटो मागायचा. मी एकही खोदून प्रश्न विचारला नाही, का, कधी, तू काय केलंस, काही नाही. ते विचारणं आपलं काम नव्हे. तिचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहिले, वर वेळ टाकली, मेसेज डिलीट करू नको म्हणलं आणि आता आईला बोलवते, चालेल ना, एवढं विचारलं.

आई मुलीजवळ बसली आणि मी कमिटीकडे गेले. खरा राग मला तिथं आला. पोरीचं पुढं काय हे पहिल्या दहा मिनिटांत कुणीच विचारलं नाही! खजिनदार म्हणाले, त्याला ग्रुपमधून काढू आणि विषय संपवू. दुसरे म्हणाले, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं सीता स्वयंवर केलं त्या गावात नाटकवाल्यांचं असं नाव निघालं तर पालक पोरं पाठवतील का. मी म्हणलं, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे नुसती शंका आली तरी कळवावंच लागतं, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दाबला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंडही. "आमची कसली संस्था, आम्ही हौशी माणसं," असं एकजण म्हणाले. कायद्याला हौशी आणि धंदेवाईक यात काही फरक नाही. आधी खात्री करून घेऊ म्हणणारे पण होते, त्यांना सांगितलं की खात्री पोलीस करतील, आणि चांगल्या हेतूने माहिती दिलेल्या माणसावर कारवाई होत नाही हेही त्याच कलमात आहे.

अध्यक्ष ऐंशीच्या घरातले, इतका वेळ गप्पच. ते उठले, चप्पल घातली, म्हणाले, "चला की ताई, माझ्या नावानं द्या." त्या माणसाबद्दल माझ्या मनात कायम आदर राहील.

पोलीस स्टेशनला आम्ही तिघं गेलो, अध्यक्ष, मुलीचे वडील आणि मी. १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनलाही फोन केला होता. दुसऱ्या दिवशी महिला अधिकारी साध्या कपड्यात घरी आल्या, स्वयंपाकघरात बसून जबाब घेतला, आई शेजारीच. कायद्यात तसंच लिहिलंय, पण तसं होताना बघून मला खूप बरं वाटलं. बाल कल्याण समितीला २४ तासांत कळवायचं असतं, तेही झालं. केस चालू आहे, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

कमिटीचं पुढचं म्हणणं की आता मुलीला विश्रांती द्या, काम दुसरीला देऊ. म्हणजे ज्याने केलं तो बाहेर आणि जिनं सांगितलं तीपण बाहेर. मी म्हणलं, तिला विचारा. तिने एकच विचारलं, "माझी वाक्यं कुणाला दिली का?" कुणालाच दिली नव्हती. प्रयोगाला मावशी आडोशाबाहेर स्टूल टाकून बसल्या, दोन अंकभर हलल्या नाहीत.

हे सगळं लिहितेय ते एका फोनसाठी. एप्रिलमध्ये याच सेक्रेटरींनी मला जाता जाता विचारलं होतं, "ताई, तालमीनंतर मुलींना सोडायला एकच माणूस जातो, रोज तोच, चालतंय का?" मी दुसऱ्या एका संस्थेच्या ऑडिटमध्ये अडकले होते. मी म्हणाले, नियमांचं पान दिलंय बघा, त्यात आहे सगळं. कोण जातो, रोज तोच का, हे विचारलंच नाही. फोन एक मिनिट चाळीस सेकंदांचा, अजून कॉल लिस्टमध्ये आहे.