आमची वाटचाल: दोन वीत होज

दोघांनी मिळून गॅरेज सुरू केलं तेव्हा आमच्याकडे एक जॅक, उधारीचा कॉम्प्रेसर आणि दांडगा आत्मविश्वास होता. काम टर्बो गाड्यांचंच घ्यायचं, हे ठरलेलं. पहिलं वर्षभर पद्धत एकच: बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) गडबडला की सोलेनॉइड, म्हणजे बूस्ट सांभाळणारा विजेवरचा व्हॉल्व्ह बदला, त्याने भागलं नाही की ॲक्च्युएटर, म्हणजे हवेच्या दाबाने वेस्टगेट उघडणारा पार्ट बदला.

एका गाडीने ही खोड मोडली. १६ पीएसआयला (दाबाचं माप) थांबायला हवा तो बूस्टचा काटा २२ च्या पुढे जायचा, मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंधन तोडायचा आणि गाडी आचका द्यायची. थंड असताना मात्र सगळं शहाण्यासारखं. आम्ही दोन सोलेनॉइड बदलले, ॲक्च्युएटर बदलला, ज्याने मॅप (ईसीयूमधली सेटिंग) केला त्यालाही नावं ठेवून झाली. तिसऱ्या आठवड्यात भागीदाराने चटके सोसत, गरम इंजिनावरच, टर्बोकडून ॲक्च्युएटरकडे जाणारी बारीक होज (नळी) वाकवून बघितली. खालच्या अंगाला, निपलच्या (होज बसते त्या तोटीच्या) अगदी कडेला चीर! गार असताना मिटलेली, तापली की उघडणारी. तिथून हवा गळायची, ॲक्च्युएटरला पुरता दाब पोचायचा नाही आणि वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, उशिरा उघडायचं. बदललेल्या पार्टचे पैसे गिऱ्हाइकाला परत केले. तो महिना कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत.

तेव्हापासून गाडी आली की आधी सोलेनॉइड बाजूला करतो आणि टर्बोची होज थेट ॲक्च्युएटरला जोडतो. आता बूस्ट फक्त ॲक्च्युएटरमधल्या स्प्रिंगच्या हवाली. स्प्रिंग ७ पीएसआयची असेल आणि काटा ७ च्या आसपास टिकला, तर खोट सोलेनॉइडमध्ये, त्याच्या वायरिंगमध्ये किंवा मॅपमध्ये. काटा आरपीएमबरोबर वरच सरकत राहिला, तर होज आणि ॲक्च्युएटर तपासतो. तेही ठीक निघाले, तर वेस्टगेट पूर्ण उघडूनही एक्झॉस्टचा गॅस त्यातून मावत नाही, असं समजायचं. मोठा डाऊनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) टाकलेल्या गाड्यांत हे बरेचदा दिसतं, आणि नवा पाइप कौतुकाने दाखवणाऱ्या माणसाला ते पटवणं दुरुस्तीपेक्षा अवघड. तिथे मॅपमध्ये कितीही आकडे फिरवा, उपयोग नाही. वेस्टगेटचं भोक मोठं करावं लागतं, तेही झडप नीट बसेल इतपतच.

बूस्ट कमी पडत असेल तर टर्बोच्या तोंडाला टोपी लावून बेताने हवा भरतो आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारतो. फेस आला की गळती सापडली.

आता आम्ही चौघं आहोत. फोनवर कुणी तक्रार सांगितली की आधी लॉग (गाडी चालवताना ईसीयूतून घेतलेली नोंद) पाठवा म्हणतो. निम्मे लोक लॉग न पाठवता गाडीच घेऊन येतात, आणि बॉनेट उघडल्यावर निसटलेली होज आमच्याआधी त्यांनाच दिसते.