आवृत्ती २.४ : ‘पाणी’ शोधल्यावर ‘पुणे’ का सापडत होतं

टिपणवही ॲपच्या या आवृत्तीत नवं बटण एकही नाही. सगळं काम शोधावर झालंय. तक्रार साधी होती: ‘पाणी’ शोधलं की ‘पुणे’ही येतं.

दोष एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एफटीएस५ या शोध-विभागातल्या नेहमीच्या टोकनायझरचा (मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाचा), म्हणजे युनिकोड६१चा. तो मुख्यतः अक्षरं आणि अंक शब्दात धरतो, बाकी सगळं विभाजक मानतो. काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार ही युनिकोडच्या (संगणकावरच्या वर्णांच्या जागतिक यादीच्या) लेखी अक्षरं नव्हेत, एमएन आणि एमसी या वर्गांतली, अक्षराला जोडून येणारी चिन्हं आहेत. म्हणून ‘पाणी’चे प, ण असे तुकडे पडतात आणि ‘पुणे’चेही तेच. टेबल बनवताना टोकनायझरच्या कॅटेगरीज पर्यायात मूळ वर्गांपुढे हे दोन जोडले की भागतं. पर्याय एसक्यूलाइट ३.२५ पासूनचा आहे. जुन्या अँड्रॉइडवर त्याहून मागची आवृत्ती असते, त्यामुळे एसक्यूलाइटची प्रत ॲपसोबतच बांधलेली बरी.

एवढ्यावर थांबलात तर ‘दऱ्या’ अर्ध्याच सापडतील. रफार न होणारा हा र दोन प्रकारे टंकला जातो: ऱ (युनिकोड क्रमांक यू+०९३१) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. झेडडब्ल्यूजे तर टोकनायझरला अजूनही विभाजकच वाटतं. ‘ॲ’चं त्याहून वाईट: एकसंध ॲ (यू+०९७२), अ वर चंद्र, आणि मधे झेडडब्ल्यूजे घालून अ वर चंद्र. एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी युनिकोडची ठरलेली पद्धत, यांतलं काहीच जुळवत नाही.

म्हणून शोधाच्या अनुक्रमणिकेत जाणारा मजकूर आणि शोधशब्द, दोन्हींवर हाच क्रम चालवा. आधी एनएफसी. मग य किंवा ह च्या आधी आलेलं र, हलन्त, झेडडब्ल्यूजे हे त्रिकूट ऱ आणि हलन्त असं बदला. त्यानंतरच उरलेली झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (जोड तोडणारी अदृश्य चिन्हं) काढा. मग अ आणि चंद्र मिळून ॲ, आ आणि चंद्र मिळून ऑ. हिंदी कळफलकावरून येणारा ऍ सुद्धा ॲ. शेवटी ०-९ आणि इंग्रजी अंक एकाच रूपात. दुसरी-तिसरी पायरी उलटवली तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि डोंगर शोधणारा समुद्रात पोचतो.

मूळ टिपणाला मात्र हात लावू नका. ‘वाङ्‌मय’ लिहिताना कोणी मुद्दाम झेडडब्ल्यूएनजे घालून ङ चा पाय मोडलेला असतो, तो तसाच दिसला पाहिजे. शुद्ध केलेली प्रत वेगळ्या स्तंभात ठेवा. एक्स्टर्नल कंटेंट टेबल (मजकूर स्वतःत न ठेवता दुसऱ्या टेबलातून वाचणारं शोध-टेबल) असेल तर तेही याच स्तंभावर बांधा, कारण रीबिल्ड (अनुक्रमणिका नव्याने बांधण्याची आज्ञा) चालवला की मजकूर तिथूनच पुन्हा वाचला जातो. अदृश्य चिन्हं गेल्याने लांबी बदलते आणि सापडलेल्या शब्दावरची पिवळी खूण एक-दोन घरं सरकते, म्हणून प्रत्येक वर्णाचं मूळ स्थान सोबत नोंदवावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

२.५ साठी सामान्यरूप बाकी आहे. ‘घर’ला तारांकन (‘पुढे काहीही चालेल’ सांगणारी * ही खूण) लावलं की घरात, घराला मिळतात, ‘पाणी’ला लावून ‘पाण्यात’ मिळत नाही. शेवटची मात्रा उडवून ‘पाण’ने शोधलं तर मिळतं, सोबत ‘पाणबुडी’ही येते, ती चालेल. ‘कापूस–कापसाचा’ला ही युक्ती लागू पडत नाही, तिथे शब्दयादीच हवी.

आता शिफारशी. वाचनासाठी टिरो देवनागरी मराठी, बटणांसाठी ‘मुक्त’ (Mukta). दोन्ही टंक खुल्या परवान्याचे. मटेरियल ३ या गूगलच्या डिझाइन-पद्धतीच्या मुख्य मजकूरशैलीत अक्षरांमधलं अंतर शून्याहून जास्त असतं, त्याने शिरोरेषा तुटते. प्रत्येक शैलीत ते शून्य करा. ओळीची उंची टंकाच्या दीडपट ठेवा, नाहीतर ‘र्कें’चा माथा किंवा ‘ट्रू’चा पाय छाटला जातो. जोडाक्षर विचित्र दिसलं तर टंकाला दोष देण्याआधी हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या प्रणालीच्या एचबी-शेप या साधनातून तो शब्द काढून बघा. आणि चाचणीचा मजकूर इनस्क्रिप्ट कळफलकावर टंका: शिफ्ट-जे दाबलं की खरा ऱ येतो, शिफ्ट-एनने ळ.