लाल ठिपका कुठला घेऊ?

"रायफल साधीच आहे, फार पैसे घालायचे नाहीत. तिच्यावर परवडणारा रेड डॉट कुठला लावू?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की उत्तर एकदा लिहूनच टाकतो. रेड डॉट म्हणजे काचेत उजळ ठिपका दाखवणारी, नेम धरायची साइट. विचारणाऱ्याला कंपनीचं नाव हवं असतं. मी उलटा प्रश्न टाकतो: रायफल कुठली? यावर बहुतेक जण म्हणतात, "साधी एअर रायफल हो, तिला कसला आलाय धक्का!"

माझंही तेच म्हणणं होतं. माझी पहिली रायफल नळी मोडून स्प्रिंग ताणायची, त्या जातीची. तिच्यावर मी एक उघड्या काचेचा रेड डॉट चढवला. लाल आणि हिरवा असे दोन रंग, ठिपक्याचे चार आकार, उजेडाच्या डझनभर पायऱ्या. पहिल्या दिवशी मी नेमबाजी कमी आणि बटणंच जास्त दाबली. तिसऱ्या दिवशी छर्रे डावीकडे जायला लागले. मी नेम दुरुस्त केला, ते खाली जायला लागले. दोन आठवडे मी स्वतःच्या श्वासाला, खांद्याला आणि चाप ओढणाऱ्या बोटाला दोष देत होतो. मग एके दिवशी चाप ओढला आणि ठिपकाच विझला. टपली मारली, पुन्हा लागला. आतला सेल दर धक्क्याला जागेवरून उडत होता.

स्प्रिंगच्या रायफलची गंमत अशी, की ती दोनदा हिसका देते. स्प्रिंग सुटून पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते आणि पिस्टन टोकाला आपटला की ती पुढे झेपावते. मागे येणारा धक्का सोसायला साइट बनवलेली असते. पुढच्या झटक्याचा विचार सगळ्यांनी केलेला नसतो. त्यामुळे खांद्याला जवळजवळ काहीच न जाणवणारी ही रायफल साइटचे हाल करते. उलट .22 रिमफायर, म्हणजे छोट्या काडतुसाच्या रायफलचा धक्का इतका मवाळ, की तिच्यावर बेताची साइटही वर्षानुवर्षं टिकते. म्हणून स्प्रिंगवाली रायफल असेल तर 'स्प्रिंग एअर रायफलला चालेल' असं बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर ती साइट खाली ठेवा. आधीपासून हवा भरलेली पीसीपी असेल तर ही काळजी नाही.

आता माउंट, म्हणजे साइट रायफलवर धरून ठेवणारी पकड. इथे लोक हमखास कंजुषी करतात आणि इथेच सगळं बिघडतं. बहुतेक एअर रायफलींवर आणि बऱ्याच .22 वर सुमारे 11 मिलिमीटरची डोव्हटेल खाच असते. रेड डॉटचा पाया मात्र बहुधा रुंद पिकॅटिनी रेलसाठी (आडव्या खाचांच्या पट्टीसाठी) असतो. मग मधे अडॅप्टर येतो, त्याचे स्क्रू, वर साइटचे स्क्रू, म्हणजे सैल पडायला दोन जागा. स्प्रिंगच्या रायफलवर तर अख्खं माउंटच हळूहळू मागे सरकतं. त्यासाठी रिसीव्हरवरच्या (नळीमागच्या मुख्य भागावरच्या) भोकात बसणारी अडकण पिन असलेलं माउंट मिळतं, तेच घ्या. स्क्रू बसवताना थेंबभर थ्रेडलॉकर (स्क्रू सैल पडू न देणारा चिकट द्रव) लावा, निळा. लाल लावलात तर काढताना मला आठवाल. आणि स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत मार्करने एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

ठिपका केवढा हवा, हेही विचारतात. तो एमओए या मापात मोजतात: 1 एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, 100 मीटरवर सुमारे 2.9 सेंटिमीटर. म्हणजे 6 एमओएचा ठिपका तिथे साडेसतरा सेंटिमीटर जागा झाकतो, 2 एमओएचा सहापेक्षा थोडी कमी. कागदावर नेम धरायचा असेल तर 2 किंवा 3 घ्या. तेवढ्यावर हा विषय संपला.

त्याहून महत्त्वाची, पण कुणी न विचारणारी गोष्ट म्हणजे पॅरॅलॅक्स: डोळा सरकला की नेमही सरकणं. रेड डॉट लेझर नव्हे, तो निशाण्यावर काहीही टाकत नाही. आतल्या एलईडीचा उजेड वक्र काचेवर आपटून समांतर किरणांनी डोळ्यात येतो, म्हणून ठिपका दूर तरंगल्यासारखा दिसतो. ही युक्ती जुनी आहे: दुर्बिणी बनवणारे आयरिश हॉवर्ड ग्रब यांनी 1900 सालीच तिचं पेटंट घेतलं होतं, एलईडीच्या कितीतरी आधी. किरण समांतर असल्यामुळे डोळा काचेच्या मध्यापासून 8 मिलिमीटर सरकला, तर नेमही तेवढाच सरकू शकतो. 100 मीटरवर 8 मिलिमीटरचं कुणाला काय! पण 10 मीटरवर ती चूक 2 एमओएच्या ठिपक्याहून मोठी. 'पॅरॅलॅक्स फ्री' हे शब्द खोक्यावर काहीही म्हणोत, गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकवा आणि ठिपका काचेच्या मधोमध ठेवा.

आणखी एक कबुली. माझी दुसरी साइट मी 'ठिपका फुटलेला आहे' म्हणून परत पाठवली. बदलून आलेलीही तशीच. मग कुणीतरी सांगितलं, साइट हातात धरून गोल फिरव. ठिपक्याची शेपटी साइटबरोबर फिरली तर दोष काचेचा. ती जागच्या जागी राहिली तर दोष डोळ्याचा. माझी शेपटी तसूभरही हलली नाही. चष्म्यात सिलिंडरचा नंबर होता आणि मी चष्मा काढून नेम धरत होतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तरी हे कळतं. कॅमेऱ्यात ठिपका गोल दिसला तर साइटवाल्याशी भांडू नका.

मग कंपनी? साइटला एकच काम असतं: ठिपका ठेवाल तिथे राहिला पाहिजे. रंग, आकार, डझनभर पायऱ्या, हा सगळा चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला. मी एकच रंग, एकच ठिपका, बंद नळीची बांधणी (उघड्या काचेत पावसाचा एक थेंब एलईडीवर बसला की ठिपका गेला) आणि परत करण्याची मुदत, एवढंच बघतो. कधी कधी तर "घेऊच नका" असंही सांगतो. ऑलिंपिकच्या 10 मीटर एअर रायफलमध्ये दहाचं वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचं असतं आणि ते बारीक भोकाच्या पीप साइटने गाठतात, रेड डॉटने नव्हे. कागदावर छर्ऱ्यांचा घट्ट ग्रुप (जवळजवळ पडलेली भोकं) एवढंच हवं असेल, तर नळीवरची माशी आणि मागे एक बरी पीप साइट पुरते. रेड डॉट खुलतो तो पडणाऱ्या, हलणाऱ्या टार्गेटांवर, दोन्ही डोळे उघडे ठेवून पटापट नेम धरताना.

घेतलात तर पहिल्याच आठवड्यात चौकोन काढून बघा. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, एकाच बिंदूवर नेम धरून पाच छर्रे मारा. मग साइटचा नेम जुळवणारा स्क्रू वीस क्लिक (खटके) उजवीकडे, पाच छर्रे. वीस वर, पाच. वीस डावीकडे, पाच. वीस खाली, पाच. शेवटचा ग्रुप पहिल्यावरच बसला पाहिजे. मग शंभर-दोनशे छर्रे नुसते उडवा आणि पुन्हा त्याच बिंदूवर पाच मारून पाहा. तोवर खोका आणि पावती फेकू नका.