पावडर विटकरी का झाली

रात्री ६० अंशांवर स्टरर चालू ठेवून घरी गेले होते. सकाळी येऊन बघते तर फ्लास्कमधली पांढरीशुभ्र पीव्हीसी पावडर विटकरी झालेली.

बेत साधाच होता. पीव्हीसीच्या साखळीत दर दोन कार्बनमागे एक क्लोरीन लटकलेला असतो. वजनात धरला तर जवळपास ५७ टक्के. त्यातले काही क्लोरीन काढून तिथे थायोफिनॉलचा गंधक बसवायचा. पण थायोफिनॉलचा सोडियम क्षार पाण्यात विरघळतो, आणि पीव्हीसीच्या आत पाणी शिरत नाही. म्हणून चिमूटभर टीबॅब, म्हणजे टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइड (हवेतलं पाणी पिऊन बाटलीत ढेकळं होतात त्याची, वजन करताना डोक्याला ताप). धन भाराच्या नायट्रोजनला चार तेलकट ब्युटिल शेपट्या असल्यामुळे तो ऋण आयनाला सोबत घेऊन प्लॅस्टिकमध्ये शिरतो. पाण्याच्या गराड्यातून सुटलेला ऋण आयन मग भलताच चपळ होतो. १९७१ मध्ये चार्ल्स स्टार्क्स यांनी या प्रकाराला फेज ट्रान्सफर कॅटॅलिसिस म्हटलं.

घोळ माझाच. क्षार बनवताना कॉस्टिक सोडा मोजून घालायचा असतो. पण थायोफिनॉलच्या जळक्या रबरासारख्या वासाने जीव नकोसा झाला आणि मी जवळपास दुप्पट ओतला. टीबॅबला काय, उरलेल्या कॉस्टिक सोड्यातला हायड्रॉक्साइडही (तोही ऋण आयनच) त्याने आत नेला. हायड्रॉक्साइड क्लोरीनच्या जागी बसायचं सोडून शेजारचा हायड्रोजन ओढतो. क्लोरीन निघून जातो, दुहेरी बंध उरतो. त्या बंधालगतचा क्लोरीन सैल पडतो, तोही जातो, मग पुढचा. शिवण उसवावी तसं. सात-आठ दुहेरी बंध ओळीने आले की पिवळेपणा दिसतो, मग केशरी, मग माझ्या फ्लास्कमधला रंग.

दुसऱ्या खेपेला थायोफिनॉलच्या क्षाराऐवजी सोडियम अझाइड (ओळीने तीन नायट्रोजन असलेला क्षार) घेतलं. हायड्रोजन ओढण्यात अझाइड मुळातच मवाळ. पावडर जेमतेम साईच्या रंगाची झाली आणि आयआरमध्ये (पदार्थ कोणता अवरक्त प्रकाश शोषतो त्याचा आलेख) २१०० च्या आसपास, जिथे साध्या पीव्हीसीचं काहीच नसतं, तिथे अझाइडचं टोकदार पीक आलं!

धुताना मात्र सवयीने सिल्व्हर नायट्रेटची बाटली उचलली. एरवी क्लोराइड संपलं का ते त्यानेच बघतो. झाकण फिरवता फिरवता थांबले: सिल्व्हर अझाइड स्फोटक असतं. बाटली जागेवर ठेवली आणि फ्यूम हूडमध्ये (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) धुवणाच्या थेंबाला फेरिक क्लोराइडचा थेंब लावला. अझाइड असेल तर रक्तासारखा लाल होतो. पाचव्या धुण्याला पिवळाच राहिला.