कांद्याची गोणी आणि कोनाची कोज्या

माझी भाची यंदा अकरावीत आहे आणि शनिवारी संध्याकाळी भौतिकशास्त्राची वही घेऊन ती कोपरखैरण्याला माझ्याकडे येते. गेल्या आठवड्यात तिने स्थिर बलाने केलेल्या कार्याचे एक उदाहरण सोडवून आणले होते. उत्तर बरोबर होते, पण हे कार्य नेमके कोणत्या बलाचे, असे विचारल्यावर तिला सांगता येईना. माझ्या मते या पाठातील खरी अडचण इथेच आहे. कार्य हे नेहमी एखाद्या विशिष्ट बलाचे असते, आणि ते बल ठरवल्याखेरीज सूत्राला हात लावू नये.

म्हणून पुस्तकातला ठोकळा बाजूला ठेवून आम्ही वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातली ५० किलोग्रॅमची गोणी घेतली. तिचे वजन ४९० न्यूटन. सपाट फरशीवरून ती दोराने एकसारख्या वेगाने १० मीटर ओढली. दोरातील ताण २०० न्यूटन आणि दोराचा जमिनीशी कोन ३० अंश. बल, विस्थापन (वस्तू किती आणि कोणत्या दिशेने सरकली ते) आणि त्या दोहोंमधील कोनाची कोज्या, म्हणजे वर्गात ज्याला कॉस म्हणतात तो, यांचा गुणाकार केला की ताणाचे कार्य मिळते: २०० × १० × ०.८६६, म्हणजे १७३२ ज्यूल. ताणाचा उभा घटक १०० न्यूटन आहे. तो विस्थापनाला लंब असल्यामुळे कार्य करत नाही, पण त्याच्यामुळे फरशीवर पडणारा भार ४९० ऐवजी ३९० न्यूटन होतो आणि घर्षण कमी होते, हे मुलांना आवर्जून सांगायला हवे. वेग बदलत नाही, त्याअर्थी घर्षण १७३.२ न्यूटन असले पाहिजे, आणि ते गतीच्या विरुद्ध असल्याने त्याचे कार्य उणे १७३२ ज्यूल. वजन आणि फरशीची प्रतिक्रिया यांचे कार्य शून्य.

यावर तिने विचारले, की माथाडी कामगार तीच गोणी डोक्यावर घेऊन सपाट रस्त्याने चालला, तर त्याने काहीच कार्य केले नाही का? प्रश्न रास्त होता. गोणी पेलणारे बल वरच्या दिशेने आणि विस्थापन आडवे, म्हणून त्या बलाचे गोणीवरील कार्य शून्यच येते; मात्र बल टिकवून धरण्यासाठी स्नायूंतील तंतू सतत आकुंचन पावतात व सैल होतात, त्यात अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. घाम त्या हिशेबातला आहे, गोणीच्या नव्हे. १८२९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिस यांनी या राशीसाठी जो फ्रेंच शब्द रूढ केला त्याचा व्यवहारातला अर्थ श्रम असाच आहे, त्यामुळे हा गोंधळ केवळ मराठीतला नाही.

पुढे गोणी १.२ मीटर उंचीच्या ट्रकवर चढवली. सरळ उचलली तर गुरुत्वाचे कार्य ४९० × १.२, म्हणजे उणे ५८८ ज्यूल. ३ मीटर लांबीच्या फळीवरून सरकवत नेली तरी तेवढेच, कारण विस्थापन वाढते त्याच प्रमाणात कोज्या घटते. फरशीवर १० मीटर ओढण्यास लागलेले कार्य या उचलण्याच्या जवळजवळ तिप्पट आहे, हे पाहून ती थबकली आणि तिने सगळी आकडेमोड पुन्हा करून पाहिली.

शेवटचा प्रश्नही तिचाच होता: गोणी फरशीवरून तशीच ओढत मूळ जागी आणली तर विस्थापन शून्य, मग घर्षणाचे कार्यही शून्य का? इथे ‘स्थिर’ या शब्दाकडे पाहावे लागते. परतताना घर्षणाची दिशा उलटते, त्यामुळे संपूर्ण फेरीत ते स्थिर बल राहत नाही आणि सूत्र प्रत्येक टप्प्याला वेगळे लावावे लागते: जाताना उणे १७३२, येताना उणे १७३२, एकूण उणे ३४६४ ज्यूल. गुरुत्वाची दिशा मात्र बदलत नाही, म्हणून ट्रकवर चढवून पुन्हा खाली उतरवलेल्या गोणीसाठी त्याची बेरीज शून्य येते.